बाळ्या, उजवीकडे बघ

"बारशाला तिच्या हातात बाळ नको गं. मला भीतीच वाटते."

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. ते होतं माझ्या नणंदेसाठी, मनालीताईंसाठी. बोलल्या होत्या माझ्या सासूबाई, बाळंतिणीच्या खोलीत, दार लोटून घेऊन. दाराबाहेर अळिवाच्या खिरीची वाटी घेऊन मी उभी होते. आई, म्हणजे सासूबाई, घरात त्यांच्या वाडीच्या बोलीत बोलतात, मी ते माझ्या विरारच्या मराठीत सांगतेय. पण भीती कुठल्याही बोलीत कळते.

आत ताई हसल्या. "आणि बाळ मामीच्या वळणावर गेलं म्हणजे?"

"नको गं बाई," आई म्हणाल्या.

बाळाची मामी म्हणजे मी. एकुलती एक. दुसरी असती तर निदान संशयाला जागा राहिली असती.

मी दोन पावलं मागे गेले, मुद्दाम पाय वाजवत परत आले, "ताई, खीर" म्हणाले आणि वाटी ठेवली. ठेवताना थोडी खीर चादरीवर गेली. आईंनी खांद्यावरच्या फडक्याने पुसली आणि ताईंकडे बघितलं. ताईंनी छताकडे.

तर काय सांगायचं, पुढे जो घोळ झाला त्याचं बी या एवढ्याशा बोलण्यात होतं. पाणी मी घातलं. खतही मीच.

आधी थोडी ओळख करून देते. माझं माहेर विरारचं, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, कुंड्यांत तुळस आणि कोरफड. सासर वसईजवळ सांडोरला. केळीची वाडी, भाजीचे वाफे, मागे विहीर. लग्नाला वर्षही झालेलं नाही. घरात सासूबाई, सासरे म्हणजे अप्पा, माझा नवरा प्रसाद, आणि सध्या पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या मनालीताई. ताई प्रसादपेक्षा मोठ्या. त्यांना दिलंय जवळच्याच नंदाखालला. बाळ जेमतेम काही दिवसांचं, नाव अजून ठेवायचंय, तोवर सगळे त्याला बाळ्या म्हणतात.

मी स्वभावाने अबोल. सासरी नवी सून अबोल असली की लोक 'शांत आहे' म्हणतात. खरं म्हणजे मी सगळं बघत असते आणि मनात टिपणं काढत असते. यातून माणूस शहाणा होतो असा माझा समज होता.

आता बारशाचं सांगते. आमच्या या घरात बारशाला बाळ पाळण्याखालून पलीकडे देतात. अलीकडून आजी देते, पलीकडून मामी घेते. मग तीच बाळाला पाळण्यात ठेवते. घेणाऱ्याच्या बाजूला आजवर मामी सोडून कुणी उभं राहिलेलं नाही म्हणे. बारसं रविवारवर आलं होतं, ताईंच्या सासरची मंडळी नंदाखालहून येणार होती, आणि सगळ्यांसमोर ती मामीची जागा रिकामी राहिली किंवा तिथे शेजारच्या काकी उभ्या राहिल्या, तर मी कुठल्या तोंडाने पेढे वाटणार होते?

आणि आईंना भीती कशाची, हे मला विचारावंच लागलं नाही. मला ठाऊकच होतं.

मी डावरी आहे.

जन्मापासून. शाळेत बाईंनी पट्टी मारून बघितली, पट्टी थकली. पण लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईने एकच सल्ला दिला. पहिलं वर्ष तरी वाढताना, कुंकू लावताना, देवाला फूल वाहताना उजवा हात वापर, मग माणसं ओळखीची झाली की तुझं तू बघ. माझ्यासारख्या आज्ञाधारक मुलीला असा सल्ला देऊ नये. मी वाढायला, कुंकवाला आणि फुलाला तर उजवा वापरलाच. वर चिरायला, लाटायला, ओतायला, केर काढायलाही वापरायला लागले. म्हटलं, पकडलं जायला नको.

परिणाम तुम्ही कल्पनेत बघा. मी चिरलेल्या दुधीच्या फोडी एकमेकींना ओळखत नसत. चहा ओतला की कपापेक्षा बशीला जास्त मिळायचा. अप्पा बशीनेच पितात, त्यामुळे ते खूश. वाडीतून केळीचं पान कापून आणलं की ते मधोमध फाटलेलं, आणि त्यावर जेवणाऱ्याची आमटी त्याच्याआधी जमिनीला पोचायची. दिवाळीत मी अंगणात काढलेली रांगोळी बघून शेजारच्या काकींनी इथे काय सांडलं म्हणून काळजीने चौकशी केली होती.

आई मला कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. फक्त एक फडकं कायमचं खांद्यावर ठेवायला लागल्या. मला वाटलं, इथली पद्धत असेल.

तर ते वाक्य ऐकलं आणि माझ्या मनात सगळं लख्ख झालं. आईंना कळलंय. एवढं जपूनही कळलंय. डावऱ्या हातात बाळ द्यायला त्यांना भीती वाटते, आणि त्याहून मोठी भीती म्हणजे बाळ मामीसारखं डावरं निघेल.

आता तुम्ही म्हणाल, अगं बाई, ते नणंदेचं मूल. तुझं आणि त्याचं रक्ताचं नातं काय? ते तुझ्यावर कसं जाईल? बरोबर आहे. मी बी.एस्सी. झालेय. हे मलाही सुचायला हवं होतं. सुचलं नाही.

उलट त्याच दुपारी मी बाळाजवळ बसले असताना मला दिसलं ते भयंकर होतं. बाळ्या पाठीवर निजला होता. मान डावीकडे. डावा हात ताठ लांब केलेला, उजवा कोपरात दुमडून कानाशी. थेट तलवारबाजाचा पवित्रा. आणि तलवार कुठल्या हातात? डाव्या. मी हळूच त्याच्या डाव्या तळव्यात बोट ठेवलं. त्याने ते असं घट्ट धरलं, असं घट्ट धरलं, की मला सोडवताना घाम फुटला.

उजव्या तळव्यात बोट ठेवून बघावं असं मला वाटलं का? नाही. उजवा हात पलीकडच्या बाजूला होता आणि मी अलीकडे बसले होते. विज्ञान शिकलेल्या माणसाचे प्रयोग असे असतात.

मग मोबाइल उघडला. एका व्हिडिओत पांढऱ्या कोटातल्या बाई सांगत होत्या की नवजात बाळाच्या काही हालचाली आपोआप होतात, तळव्याला काही लागलं की मूठ मिटते, मान वळते तसे हात-पाय हलतात. बरीच बाळं निजताना मान उजवीकडे ठेवतात, आणि बरीच माणसं उजव्या हाताची असतात, तेव्हा या दोन्हींचा काही संबंध असेल का, असं अभ्यास करणाऱ्यांना वाटतं. "पण लक्षात घ्या," असं त्या म्हणाल्या आणि तेवढ्यात आईंनी कोथिंबीर निवडायला हाक मारली. मी व्हिडिओ बंद केला. काय लक्षात घ्यायचं ते राहूनच गेलं.

कोथिंबीर निवडता निवडता माझा बेत ठरला. मान उजवीकडे म्हणजे हात उजवा. सोपं होतं. बाळाची मान उजवीकडे वळवायची. अजून ओलं मडकं आहे, आकार देता येईल. बारशापर्यंत बाळ्या उजवीकडे बघत निजायला लागला की 'मामीच्या वळणावर' हा शब्दच घरातून जाईल, आणि पाळण्याची पलीकडची बाजू माझी.

कामाची वाटणीही सोयीची होती. आई स्वयंपाकात असल्या की बाळाजवळ मी, आणि मी स्वयंपाकात असले की आई. दोघी एकदम खोलीत जवळजवळ कधीच नाही. ताई टाक्यांमुळे पडून, बाळ झोपलं की त्याही झोपत.

पहिल्यांदा मान वळवताना मी आधी दाराकडे बघून घेतलं. दोन बोटांनी गाल हलकेच ढकलला. बाळ्याने विरोध केला नाही. मान उजवीकडे झाली आणि, खोटं नाही सांगत, त्याचा उजवा हात आपोआप सरळ झाला आणि डावा दुमडून कानाशी गेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं सोपं? शाळेत बाईंना हे कुणी सांगितलं असतं तर माझी बोटं वाचली असती.

भाजी फोडणीला टाकून मी परत आले. मान डावीकडे.

ठीक आहे, म्हटलं, सवय मोडायला वेळ लागतो. पुन्हा उजवीकडे. पुन्हा आले, डावीकडे. संध्याकाळी, डावीकडे. दुसऱ्या दिवशी तेच. मी वळवून जायची, परत यायची, बाळ्या शांत चेहऱ्याने डावीकडे तोंड करून, तलवार लांब करून पडलेला. मला त्या मुलाचा धाक वाटायला लागला. एवढ्याशा वयात एवढा निश्चय. मी पंचवीस वर्षांची, पण सासूबाईंसमोर जास्तीची पोळी नको म्हणायची माझी हिंमत नाही.

मग मी उपाय वाढवले. बाळाच्या अंथरुणावर टांगलेलं चिमणाळं, त्या लाल-हिरव्या चिमण्या, उजव्या बाजूला सरकवून बांधल्या, म्हणजे तिकडे बघेल. थोड्या वेळाने बघते तर चिमण्या डावीकडे. वाऱ्याने सरकल्या असतील. गाठ मारलेल्या चिमण्या वाऱ्याने सरकत नाहीत, हेही तेव्हा सुचलं नाही.

मग मोहरीची उशी आली. नवीन बाळाच्या डोक्याखाली मोहरी भरलेली चपटी उशी ठेवतात, डोकं गोल राहावं म्हणून. ती आईंनी शिवली आणि तिच्या एका बाजूला टॉवेलची गुंडाळी लावली. उजव्या बाजूला. मला वाटलं, चुकून लावली असेल. मी उचलून डाव्या बाजूला लावली, म्हणजे बाळ डावीकडे वळायला नको. जेवणं झाल्यावर गुंडाळी परत उजवीकडे. मी परत डावीकडे. त्या टॉवेलने त्या दिवसांत जेवढा प्रवास केला तेवढा माझ्या माहेरच्या माणसांनी केला नसेल.

मध्यंतरी ताई एकदा म्हणाल्या की, काय गं, हा कधी इकडे असतो, कधी तिकडे, मला तर दोन्हीकडे दिसतो. मी म्हटलं, ताई, तुमची झोप होत नाहीये. आईंनीही नंतर त्यांना तेच सांगितलं, झोप काढ म्हणून. घरात डोळे उघडे असलेलं माणूस एकच होतं, आणि आम्ही दोघींनी मिळून त्यांना झोपवलं.

आईंचा चेहरा दिवसेंदिवस उतरत चालला. त्या बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालताना मानेवरून पुन्हा पुन्हा हात फिरवत. फोनवर कुणाशी तरी हळू आवाजात बोलत. एका सकाळी त्या ताईंना म्हणाल्या, "मनू, याची मान एकाच बाजूला जाते गं. मी केव्हाची बघतेय. सरळ म्हणून राहत नाही."

मी तिथेच केर काढत होते, उजव्या हाताने, म्हणजे केर जागच्या जागी फिरवत होते. एकाच बाजूला. म्हणजे आईंनाही दिसलं. डावीकडे जाते ते त्यांनाही दिसलं.

कुठल्या बाजूला, हे मी विचारलं नाही. कशाला विचारायचं? मला दिसत नव्हतं का?

ताई रडायला लागल्या. मानेत काही दोष असेल का, शीर आखडली असेल का, सिझरच्या वेळी ओढली गेली असेल का. नंदाखालच्या सासूबाई बघतील तर काय म्हणतील. आई त्यांना धीर देता देता स्वतःच रडवेल्या झाल्या. अप्पा वाडीतून चिखलाच्या पायांनी आले, प्रसादने कामावर फोन करून उशिरा येतो म्हणून सांगितलं. प्रसाद बाळाजवळ गेला, वाकून बघितलं आणि म्हणाला, हा तर पंख्याकडे बघतोय. त्याला सगळ्यांनी बाहेर काढलं.

मला आत काहीतरी कुरतडायला लागलं होतं. मी मान वळवतेय हे सांगावं का? पण मी तर चांगल्या बाजूला वळवत होते. दोष तर डावीकडचा होता. माझ्यामुळे उलट कमीच झाला असेल. असा विचार करून मी गप्प राहिले. गप्प राहणं मला छान जमतं, तेवढं एक उजव्या-डाव्यावर अवलंबून नाही.

शेवटी वसईतल्या बाळांच्या डॉक्टरबाईंकडे जायचं ठरलं. रिक्षात मागे ताई, आई आणि मी. बाळ आईंच्या मांडीवर, माझ्याकडे दुपट्यांची पिशवी. बाळ माझ्याकडे द्यावं असं कुणी म्हणालं नाही. मीही मागितलं नाही. बाहेर केळीच्या वाड्या मागे जात होत्या आणि मी मनात म्हणत होते, देवा, मानेला काही नसू दे. बारसं, मामीची जागा सगळं राहिलं बाजूला, फक्त याच्या मानेला काही नसू दे.

डॉक्टरबाई वयाने आईंएवढ्या, चष्मा कपाळावर. काय होतंय, त्यांनी विचारलं.

"मान एकाच बाजूला टाकतो," आई म्हणाल्या. "सारखं उजवीकडेच."

"डावीकडे," मी म्हटलं.

आईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. लग्नापासून मी त्यांचं वाक्य दुरुस्त करण्याची ही पहिलीच वेळ होती.

"उजवीकडे गं. मी खोलीत गेले की प्रत्येक वेळी उजवीकडेच तोंड करून असतो."

"आई, नाही. मी जाते तेव्हा प्रत्येक वेळी डावीकडेच असतो."

"मी पहिल्यापासून सांगतेय," ताई रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "दोन्हीकडे असतो म्हणून."

डॉक्टरबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. बाळाला टेबलावर पाठीवर ठेवलं. मान मधोमध ठेवली आणि हात काढून घेतला. आम्ही तिघी वाकून बघत होतो. बाळ्याने जांभई दिली. थोडं इकडे बघितलं, थोडं तिकडे बघितलं, मग उजेडाकडे बघत राहिला. मानेला काही नाही, डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी मान हलकेच डावीकडे केली, डावा हात सरळ झाला. उजवीकडे केली, उजवा सरळ झाला. सगळ्या नवजात बाळांचं असंच होतं, तोंड ज्या बाजूला तो हात लांब. बाळ ते मुद्दाम करत नाही. काही महिन्यांत आपोआप जातं.

म्हणजे डावी तलवार बाळाची नव्हती. मान डावीकडे केली म्हणून डावी. पण मान डावीकडे केली कुणी?

"घरात याची मान कोण वळवतं?" डॉक्टरबाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता. त्यांना उत्तर माहीत होतं, फक्त नावं हवी होती.

आई आधी बोलल्या. हा सारखा उजवीकडेच पडलेला असायचा, डोकं एका बाजूने चपटं होईल म्हणून त्याच त्याला डावीकडे वळवून ठेवत. टॉवेलही त्यांचा. चिमण्याही त्यांनीच सरकवलेल्या.

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मी उजवीकडे वळवत होते," मी म्हटलं. माझा आवाज टेबलाखालून आल्यासारखा आला.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. मोहरीची उशी आणि टॉवेल दोन्ही आजपासून काढा, पाठीवर निजवा, बाकी मानेचं मानेवर सोपवा, असं म्हणाल्या. मी घाबरत घाबरत विचारलं की मूल डावरं आहे की उजवं हे आत्ताच कळतं का. त्या म्हणाल्या, बऱ्याच बाळांची मान उजवीकडे जास्त जाते आणि त्याचा पुढे हाताशी संबंध लागतो का हे लोक तपासतायत, पण एका बाळाकडे बघून कुणीही काही सांगू शकत नाही. दोन-तीन वर्षांचा होऊ दे, तोच दाखवेल. आणि मान वळवून तर कुणी डाव्याचं उजवं होत नाही. "तोवर," दाराशी पोचलो तेव्हा त्या म्हणाल्या, "बाळाला जरा विश्रांती द्या. बराच दमला असेल."

परतीच्या रिक्षात ताई अधूनमधून हसू दाबत होत्या, आणि टाके दुखतात म्हणून पोट धरत होत्या.

घरी ओट्यावर अप्पा आणि प्रसाद वाट बघत बसले होते. ताईंनी सगळं सांगितलं, अभिनयासकट. दोन बाया, एक बाळ, एकीने इकडे, दुसरीने तिकडे. अप्पांना खोकला लागला. आई मात्र हसल्या नाहीत. माझ्यासमोर येऊन बसल्या.

"मी डोक्यासाठी वळवत होते. तू कशाला वळवत होतीस?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सांगून टाकलं. मी डावरी आहे म्हणून. बाळ माझ्यासारखं निघालं तर तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.

"अगं, तू डावरी आहेस हे कुणाला माहीत नाहीये?" प्रसाद म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने उघड्या दारातून हॉलच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे आमच्या लग्नाचा मोठा फोटो आहे. मी त्याला जिलेबी भरवतेय. डाव्या हाताने. पूर्ण हातभर बांगड्या, त्यात चमकणारी अंगठी, कॅमेऱ्याच्या अगदी मधोमध. हा फोटो मी रोज सकाळी पुसते. उजव्या हाताने.

"माझा धाकटा भाऊ डावरा," आई म्हणाल्या. "वाडीत त्याच्यासारखा पानं कापणारा नाही कुणी. डावऱ्याचं काय वाईट वाटायचं?"

"मग तुम्ही त्या दिवशी ताईंना..." मी थांबले. पण आता थांबून चालणार नव्हतं. "बारशाला माझ्या हातात बाळ नको म्हणालात ते."

आईंचा चेहरा उतरला. ताई एकदम नखं बघायला लागल्या.

"ऐकलंस होय तू," आई म्हणाल्या. मग थोडा वेळ पदराचं टोक गुंडाळत राहिल्या. "खरं सांगू? राग नको मानूस. तुझ्या हातून रोज काहीतरी पडतं, सांडतं, तुटतं. मी हे फडकं खांद्यावरून खाली ठेवू शकत नाही. मला वाटलं, तुझ्या हातात जोरच नाही, पोरीला काही दुखणं असेल आणि सांगत नसेल. बाळ पाळण्याखालून द्यायचं, वाकून, गर्दीत. भीती वाटली गं."

आणि 'वळण' म्हणजे धांदरटपणा, ताईंनी खाली बघत भर घातली. बाळ तुझ्यासारखं धांदरट निघेल म्हणून मी चेष्टा करत होते.

तुम्हाला सांगते, मला इतका आनंद झाला की उभी राहिले. म्हणजे आक्षेप डाव्या हातावर नव्हताच. आक्षेप होता तो उजव्यावर, आणि तो तर मलाही मान्य होता. एवढे महिने ज्या हाताने माझी बदनामी केली त्याला मी एकदाची नोकरीवरून काढून टाकणार होते. मी सगळं सांगितलं, आईचा सल्ला, दुधी, केळीचं पान, रांगोळी. आणि शेवटी, माझ्या आयुष्यातलं सर्वांत लांब भाषण संपवताना म्हटलं, "आई, धांदरट मी नाहीये. माझा उजवा हात आहे."

आई आता हसल्या. मनापासून. "मग चहा ओत बघू डाव्याने."

सगळे स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. अप्पा पण, चष्मा पुसून. मी पातेलं सांडशीने डाव्या हातात धरलं. काय सांगू, किती दिवसांनी हात घरी आल्यासारखा वाटला. पहिला कप, एक थेंब बाहेर नाही. दुसरा, काठोकाठ, बशी कोरडी. अप्पा थोडे हिरमुसले. तिसरा तर मी न बघता ओतला. आईंनी खांद्यावरचं फडकं काढून घडी घातली आणि बाजूला ठेवली. मला ते दिसलं. मला ते नीट बघायचं होतं. म्हणून चौथा कप भरता भरता मी मान वळवली.

चहा थेट साखरेच्या उघड्या डब्यात.

साखर हळूहळू तांबूस होत खाली बसत गेली. आईंनी घडी घातलेलं फडकं शांतपणे उचललं, उलगडलं आणि परत खांद्यावर टाकलं. ताई भिंतीला टेकल्या, टाक्यांना धरून. प्रसाद मदतीला येईल म्हणून मी त्याच्याकडे बघितलं, तर तो पंख्याकडे बघत होता.

मी पातेलं खाली ठेवलं. दोन्ही हात पदराला पुसले, सारखेच. एरवी अशा वेळी मी गप्प राहते. पण त्या दिवशी गप्प राहण्याची माझी हद्द संपली होती, आणि रविवार दोनच दिवसांवर आला होता.

"आई," मी म्हटलं, "पाळण्यापलीकडून बाळ मीच घेणार. पण बसून घेईन."